वयाचा रकाना

पारोळ्याच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावर
आमची लॅब. साडेसातलाच पत्रा तापलेला,
आणि लोटन हिलाल पाटील
बाही वर करून बसलेले, मी सुई काढायच्या आधीच.

जिनिंगमध्ये चाळीस वर्षं ग्रेडर.
गाडीतून मूठभर कापूस उपसायचा,
दोन अंगठ्यांत धरून ओढायचा,
कुठे तुटला, किती लांब, त्यावर भाव.
आता मोरीपर्यंत जाऊन येईतो धाप लागते.
चपलेचा पट्टा पायात रुतलेला,
पट्टा काढला तरी पट्टा दिसतो.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलंय: एनटी-प्रोबीएनपी.
"हाई काय शे?"
काका, हृदयाची भिंत ताणली गेली
की ती रक्तात निरोप सोडते.
आपण तो निरोप मोजायचा.
ते हसले. "म्हंजे तू बी ग्रेडरच."

कोपरावरचा बोळा त्यांनी टाकला नाही.
रक्ताची बाजू आत दुमडली,
कोरड्या बाजूचा तंतू ओढून पाहिला.
"आखूड. अशी रुई कोन देस तुमले?"

मशीनला नुसता आकडा काढता येतो.
तो बरा की वाईट, हे सांगायला वय लागतं.
पन्नाशीच्या आत एक पट्टी,
पंचाहत्तरीपर्यंत दुसरी,
त्यापुढे तिसरी, बरीच सैल.
म्हाताऱ्या हृदयाने थोडं ताणून राहिलं
तर त्याला कोणी लगेच बोल लावत नाही.

आधारवर एक जून. त्र्याहत्तर.
खरं का हो काका?
"मास्तरनी लिखी टाकं.
आमना वर्गमा अठ्ठावीस पोरं,
बठ्ठा एक जूनले जल्मनात."

आकडा आला. तेराशे वीस.
त्र्याहत्तरला लाल, शेजारी वर जाणारा बाण.
पंचाहत्तर ओलांडली असेल
तर तोच तेराशे वीस मधल्या राखाडीत,
हो पण नाही, नाही पण नाही.
अर्धा चमचा रक्त,
आणि त्यावर साठ-सत्तर वर्षांपूर्वीची
एका मास्तरची घाई.

त्यांनी बेटावदला बहिणीला फोन लावला. स्पीकरवर.
कौतिकबाई, कान अधू, आवाज खणखणीत:
"आखाजीना दिन व्हता! मी झोकावर.
मायले कळा सुटन्यात, दाईले बलावाले मालेच धाडं.
झोका तसाच हालत ऱ्हायना."
साल? साल तिला ठाऊक नाही.
पण तिच्या मांडवात हा चार वर्षांचा होता,
लाडूसाठी रडला होता,
आणि लग्नातल्या कळशीवर कोरलेलं आहे.
मग भांडी सरकल्याचा आवाज,
सुनेचा आवाज, चिंचेने घासू का आधी,
नको, तशीच वाच:
कौतिकबाई, वैशाख, सन बावन्न.

बावन्नातून चार गेले.
मी बोटांवर मोजलं, मग कॅल्क्युलेटरवर.
सत्त्याहत्तर.

सॉफ्टवेअर कळशी मानत नाही.
लाल बाणासकट कागद छापला गेला.
खाली मी पेनने लिहिलं:
बहिणीच्या सांगण्यानुसार वय ७७.
नऊ वर्षांत असं कधी लिहिलं नव्हतं.
खोडावं वाटलं, खोडलं नाही.
डॉक्टर मूत्रपिंडाचाही आकडा बघतील,
ते थकलं तरी हा चढतो.
नडगी दाबतील, उशा किती घेता विचारतील.

"दिवाळीपाशीन दोन," काका दारातून म्हणाले,
मी विचारलं नसताना.

अकरा पायऱ्या आहेत आमच्या.
चौथीवर थांबले. आठवीवर थांबले.
कठड्यावर एक हात, दुसऱ्यात रिपोर्ट,
आणि खिशात फोन, बंद करायचा राहिलेला,
त्यातून अजून येत होतं:
"लोटन? ओ लोटन?
आते कयशी ठेई दिऊ का?"